अकस्मात पुनरारंभाचा तपास

कोणताही संगणक आपल्या लहरीने पुन्हा सुरू होत नाही. त्याला तसे करण्याचा हुकूम कोठून तरी मिळालेला असतो, आणि असा हुकूम देण्याचा अधिकार यंत्राच्या अंतर्भागात एकाहून अधिक ठिकाणी वाटून दिलेला असल्यामुळे, नुकताच खोक्यातून निघालेला लॅपटॉप जेव्हा एखादे वाक्य अर्धे लिहून झाले असता एकाएकी काळा पडतो, क्षणभर स्तब्ध राहतो आणि कंपनीचे बोधचिन्ह झळकवीत काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा उभा राहतो, तेव्हा दोष नेमका कोणाच्या पदरी घालावा हे त्याच्या मालकाला उमगत नाही. अशा वेळी सल्ल्यांचा तुटवडा मात्र कधीच नसतो. दुकानदार म्हणतो, ‘अपडेट पडत असेल, दोन दिवस वापरून बघा’. शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणतो, ‘सरळ फॉर्मॅट मारा, काका’. आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला यंत्राला हातही न लावता ‘बोर्ड गेला’ असा निकाल देऊन मोकळा होतो. या तिघांपैकी कोणाचेही म्हणणे प्रसंगी खरे निघू शकेल. परंतु हुकूम कोणी दिला हा प्रश्न एकानेही विचारलेला नसतो, आणि त्याचे उत्तर हाती आल्याखेरीज पुढचे सर्व उपाय अंधारातले ठरतात.

जुन्या आणि नव्या यंत्राच्या तपासात एक मूलभूत भेद आहे, तो आरंभीच ध्यानी घेतलेला बरा. जुन्या यंत्राच्या हमीची मुदत सरलेली असते. ते उघडून, भाग बदलून, चुकतमाकत का होईना, चालते करावे एवढाच मालकाचा हेतू असतो. नव्या यंत्राच्या मालकाला वस्तुतः दुरुस्ती करावयाचीच नसते. दोष उत्पादकाचा असेल तर तो पुराव्यानिशी उत्पादकाच्या स्वाधीन करावयाचा असतो, आणि म्हणून त्याची प्रत्येक कृती पुरावा वाढविणारी असावी, पुसणारी नसावी. या कसोटीवर ‘फॉर्मॅट मारणे’ हा सर्वांत लोकप्रिय उपाय सर्वांत वाईट ठरतो. कारण त्याने दोष जाईल की नाही हे अनिश्चित असले, तरी दोषाची नोंद जाईल हे मात्र निश्चित असते.

नवी वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू हा आपला ग्रहही तपासून पाहण्याजोगा आहे. विश्वसनीयतेचा अभ्यास करणारे अभियंते उपकरणांच्या आयुष्यातील बिघाडांचा जो आलेख काढतात, त्याला त्याच्या आकारावरून ‘बाथटब कर्व्ह’ असे नाव पडले आहे: बिघाडांचे प्रमाण आरंभी चढे, नंतर बराच काळ अल्प आणि स्थिर, व अखेरीस झिजेमुळे पुन्हा चढे. सोल्डरचा एखादा कच्चा सांधा, खाचेत पुरती न बसलेली रॅमची पट्टी, जेमतेम परीक्षेस उतरलेला एखादा विद्युत-नियामक घटक, हे दोष जन्मजात असल्यामुळे ते पहिल्या काही आठवड्यांतच डोके वर काढतात. इलेक्ट्रॉनिक मालाला कारखान्यातून बाहेर सोडण्यापूर्वी तापवून, तासन् तास राबवून पाहण्याची ‘बर्न-इन’ नावाची पद्धत याच अनुभवातून रूढ झाली. जे दोष त्या परीक्षेतून निसटतात, त्यांची परीक्षा ग्राहकाच्या घरी होते.

तपासाच्या प्रारंभी एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीची खातरजमा करावी, ती ही की यंत्र खरोखरच पुन्हा सुरू झाले होते काय. झोपी गेलेला लॅपटॉप जागा होताना, किंवा पडद्यावर चित्र रेखाटणारी प्रणाली कोलमडून सावरताना, पडदा असाच काळा पडून उजळतो. विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात सीपीयूच्या खाली ‘अप टाइम’ या नावाने यंत्र किती वेळ अखंड चालू आहे याचा आकडा दिसतो. तो जर कालपासूनचा असेल, तर आजचा पुनरारंभ हा पुनरारंभ नव्हेच. येथे एक गंमत अशी की रोज रात्री ‘शट डाउन’ करून झोपणाऱ्या माणसाचा हा आकडा कित्येकदा आठवड्याचा निघतो. सन २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ‘शट डाउन’ म्हटल्यावर कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, पुरता बंद न होता आपली स्थिती तबकडीवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच पुन्हा वाचून घेतो. सर्व काही नव्याने उभे राहावे असे वाटत असेल, तर ‘रीस्टार्ट’ हीच आज्ञा दिली पाहिजे. कालचा गोंधळ आज सकाळीही तसाच कायम का, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्यातच असते, म्हणून तपास चालू असेपर्यंत ही सोय बंद ठेवणे इष्ट.

आता हुकूम देणाऱ्यांकडे वळू. पहिला अधिकारी म्हणजे कार्यप्रणाली स्वतः, शुद्धीवर असताना आणि नियमित कारभाराच्या ओघात. नवा लॅपटॉप कारखान्यातून निघून गोदामात आणि दुकानात काही महिने पडून राहिलेला असतो. तो प्रथम इंटरनेटला जोडला गेला की त्या महिन्यांतली सर्व थकबाकी, म्हणजे विंडोजची अद्यतने, ड्रायव्हर, मूळ बोर्डावरील बायॉस, एकदम वसूल होऊ लागते, आणि त्यांपैकी अनेक अद्यतने पुनरारंभावाचून पुरी होत नाहीत. पहिल्या दिवसांतील दुकानदाराचा सल्ला या मर्यादेत बरोबरच आहे. अशा प्रत्येक पुनरारंभाची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाच्या दप्तरात, ‘सिस्टम’ या सदराखाली, १०७४ या क्रमांकाने होते, आणि त्या नोंदीत हुकूम कोणत्या प्रोग्रामने, कोणाच्या नावाने व कोणत्या कारणास्तव दिला हे स्पष्ट लिहिलेले असते. तक्रारीच्या वेळेशी जुळणारी १०७४ ची नोंद सापडली, की अद्यतने पुरी होऊ द्यावीत, ‘अॅक्टिव्ह अवर्स’मध्ये आपल्या कामाचे तास नोंदवावेत, आणि प्रकरण दप्तरदाखल करावे. नोंदीत अनोळखी प्रोग्रामचे नाव निघाले तर मात्र सावध व्हावे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या कृमीने जगभरच्या विंडोज एक्सपी संगणकांना असेच वेठीस धरले होते. पडद्यावर एक मिनिटाची उलटी मोजणी सुरू होई आणि मिनिट सरताच यंत्र पुन्हा सुरू होई. तो हुकूमही औपचारिकरीत्या विंडोजचाच होता. कृमीच्या आघाताने एक अत्यावश्यक सेवा कोसळली, की यंत्र पुन्हा सुरू करावे असा विंडोजचा नियमच असल्यामुळे ती बिचारी नियमाप्रमाणे वागत होती.

दुसरा अधिकारीही कार्यप्रणालीच, परंतु या वेळी संकटात सापडलेली. कर्नलला जेव्हा असे आढळून येते की स्मृतीमध्ये असावयास हवे ते नाही, किंवा एखाद्या ड्रायव्हरने ज्या जागी हात घालावयाचा नाही तेथे घातला आहे, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: तसेच रेटत नेऊन तबकडीवरील फाइलींची नासाडी होऊ द्यावी, किंवा सर्व व्यवहार तत्क्षणी थांबवावा. तो दुसरा मार्ग पत्करतो, आणि माझ्या मते त्याचे हे वर्तन निंदेपेक्षा आदरास अधिक पात्र आहे. थांबण्यापूर्वी तो पडद्यावर दोषाचे नाव लिहितो, स्मृतीचा सारांश फाइलीत उतरवितो, आणि मग पुनरारंभाचा हुकूम देतो. हाच तो सुप्रसिद्ध निळा पडदा, ज्याचा रंग विंडोज ११ मध्ये २०२५ साली काळा करण्यात आला. दुर्दैव एवढेच की ‘आपोआप पुन्हा सुरू व्हावे’ हा पर्याय मुळातच निवडलेला असल्यामुळे तो पडदा पुष्कळदा वाचण्यापूर्वीच नाहीसा होतो, आणि ज्या निवेदनासाठी सर्व खटाटोप केला ते कोणाच्याच नजरेस पडत नाही. म्हणून ‘अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या शब्दांपुढील खूण काढून टाकावी. त्यानंतर दोष उद्भवेल तेव्हा यंत्र पडद्यावर थांबून राहील, आणि मोबाइलने त्याचे छायाचित्र घेता येईल. सबंध तपासात एवढ्या अल्प श्रमात एवढे फळ देणारी दुसरी कृती नाही.

पडद्यावरील नावे प्रथमदर्शनी दुर्बोध वाटली तरी ती दिशा दाखवितात. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ म्हणजे झोपताना वा जागे होताना एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरने वेळेवर प्रतिसाद दिला नाही. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे चित्र रेखाटणारा घटक अडकून पडला आणि सावरला नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे आल्यास रॅमकडे संशयाने पाहावे. आणि ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ असे शब्द दिसले, तर स्वतः प्रोसेसरनेच आपल्या यंत्रभागातील न सुधारता येणाऱ्या दोषाची वर्दी दिली आहे असे समजावे. या शेवटच्या शब्दांचे छायाचित्र हमीच्या दाव्यात विशेष मोलाचे आहे. पडदा निसटला तरी विंडोजच्या फोल्डरातील ‘मिनिडंप’ या उपफोल्डरात त्या क्षणाचा सारांश तारीखवार साठविलेला असतो. तो उकलणारे ‘विनडीबीजी’ हे साधन मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते. ज्यांना एवढ्या खोलात शिरावयाचे नाही त्यांच्यासाठी ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हा दिनदर्शिकेसारखा तक्ता आहे. कोणत्या तारखेस कोणता प्रोग्राम नव्याने बसविला आणि कोणत्या तारखेपासून तांबड्या फुल्या सुरू झाल्या, हे त्यात शेजारी शेजारी दिसते, आणि कित्येक प्रकरणे त्या दोन तारखांच्या जुळणीवरच निकालात निघतात.

दोष विंडोजचा नसून तिच्या गाभ्यापर्यंत प्रवेश मिळालेल्या त्रयस्थाचा असतो, याचा सर्वांत मोठा दाखला १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांना पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, आणि त्यांपैकी पुष्कळ सुरू होताच कोसळावयाचे व कोसळताच पुन्हा सुरू व्हावयाचे अशा चक्रात अडकले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. उपाय मात्र साधा होता. केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरांनिशी यंत्र उभे करणाऱ्या ‘सेफ मोड’मध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकावयाची. घरच्या लॅपटॉपलाही हीच रीत लागू पडते. सुरू होण्याची क्रिया लागोपाठ दोन-तीनदा अर्ध्यातच खंडित झाली, की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा समोर आणते आणि तेथून सेफ मोडची वाट सापडते. सेफ मोडमध्ये यंत्र तासन् तास स्थिर राहिले, तर संशय ड्रायव्हरांवर आणि मागाहून बसविलेल्या प्रोग्रामांवर एकवटतो. नव्या लॅपटॉपवर उत्पादकाने आगाऊ घालून दिलेला अँटिव्हायरस आणि मालकाने आपल्या हौसेने घातलेला दुसरा, हे दोघे एकाच गाभ्यात नांदत असतील, तर त्यांतील एकाला निरोप देऊन पाहावे.

परंतु दप्तरात १०७४ ही नोंद नाही, पडदा दिसला नाही, सारांशाची फाइलही उमटली नाही, आणि तरीही यंत्र पुन्हा सुरू झाले, अशी अवस्था येते तेव्हा तपास खरा कठीण आणि, मला वाटते, खरा रंजक होतो. येथे हुकूम देणारा तिसरा अधिकारी कार्यप्रणालीच्याही वरचा, प्रत्यक्ष विद्युत-मंडलातला असतो, आणि तिला काही कळण्यापूर्वीच सर्व आटोपलेले असते. दप्तरात सापडते ती केवळ ‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद. हिच्या नावातील ‘पॉवर’ वाचून ‘वीजपुरवठ्यात दोष आहे’ असा निष्कर्ष हजारो लोक काढतात, तो निराधार आहे. ही नोंद घटनेच्या वेळी लिहिलेलीच नसते. पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले असता, मागचा कारभार रीतसर बंद झाल्याची खूण आढळली नाही, एवढेच ती नमूद करते. तथापि तिच्या ‘डिटेल्स’ या पोटात दोन आकडे असतात, ते पाहण्यासारखे आहेत. ‘बगचेक कोड’पुढे शून्याखेरीज काही असेल तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडचे, उदाहरणार्थ १५९ हा आकडा वर सांगितलेल्या ड्रायव्हर पॉवर स्टेटचा आणि २९२ हा प्रोसेसरने दिलेल्या वर्दीचा. ‘पॉवर बटन टाइमस्टॅम्प’पुढे शून्येतर आकडा असेल, तर कोणीतरी बटन दाबून धरले होते. दोन्ही ठिकाणी शून्य असेल, तर वीज अकस्मात खंडित झाली, किंवा यंत्र इतके गोठले की त्याला लिहिण्याचीही फुरसत मिळाली नाही.

या तिसऱ्या वर्गातील अधिकाऱ्यांत ‘वॉचडॉग’ नावाचा एक पहारेकरी असतो. मुख्य प्रणालीने ठरावीक अवकाशाने आपण जिवंत असल्याची खूण द्यावयाची, आणि ती चुकली की पहारेकऱ्याने विनाचौकशी सर्व यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, असा हा संकेत. नव्या यंत्राच्या अनाकलनीय पुनरारंभाचे जे प्रकरण संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले, ते याच पहारेकऱ्याशी निगडित आहे. ‘मार्स पाथफाइंडर’ हे अमेरिकेचे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले, त्याने छायाचित्रे पाठविली, सर्वत्र जयजयकार झाला. आणि काही दिवसांतच, हवामानाच्या नोंदी घेण्याचे काम सुरू झाल्यावर, त्याचा संगणक मधूनमधून आपण होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर पडे. कोट्यवधी मैलांवरच्या यंत्राला फॉर्मॅट मारण्याची सोय नव्हती, हे एका अर्थी बरेच झाले.

कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना अखेर जे सापडले ते असे. यानातील कामांना अग्रक्रम लावून दिलेले होते: माहितीची वाहिनी सांभाळणे सर्वांत वरचे, संदेशवहन मधले, हवामानाची नोंद सर्वांत खालचे. कल्पना करा, की कचेरीत एकच नोंदवही आहे आणि ती क्षणभरासाठी कनिष्ठ कारकुनाच्या हाती गेली आहे; मामलेदारांना तीच वही हवी आहे, म्हणून ते तिष्ठत बसले आहेत; एवढ्यात अव्वल कारकून येतो, त्याला वहीशी कर्तव्य नाही, पण हुद्द्याने वरचा म्हणून कनिष्ठाला बाजूला सारून तो आपले लांबलचक काम मांडून बसतो. कनिष्ठाला काम संपविता येत नाही म्हणून वही सुटत नाही, वही सुटत नाही म्हणून मामलेदार खोळंबतात, आणि साहेब हजर नाहीत असे पाहून पहारेकरी सबंध कचेरीच बंद करून पुन्हा उघडतो. उपाय असा की वही ज्याच्या हाती आहे त्याला, ती हातात असेपर्यंत, तिष्ठणाऱ्या वरिष्ठाचा दर्जा द्यावयाचा. ती सोय यानातील ‘व्हीएक्सवर्क्स’ या प्रणालीत होतीच. केवळ चालू केलेली नव्हती, ती पृथ्वीवरून संदेश पाठवून चालू करण्यात आली. या प्रकरणातला मला सर्वांत बोधक वाटणारा भाग निराळाच आहे. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे पुनरारंभ तुरळक घडले होते, पण ते मुद्दाम घडवून आणता न आल्यामुळे त्यांचा पाठपुरावा झाला नव्हता. आणि मंगळावर दोष प्रकट झाल्यानंतरही अभियंत्यांनी उपायाची घाई केली नाही. पृथ्वीवरील हुबेहूब प्रतियंत्रावर, प्रत्येक हालचालीची नोंद चालू ठेवून, तोच पुनरारंभ घडवून दाखविला, आणि मगच दुरुस्ती पाठविली.

लॅपटॉपच्या मालकालाही प्रथम हेच साधावयाचे असते: दोष केव्हा घडतो हे ओळखून तो बोलावता आला पाहिजे. जड काम अंगावर पडताच, म्हणजे खेळ सुरू करताच किंवा चित्रफीत संपादित करू लागताच, यंत्र पुन्हा सुरू होत असेल, तर विद्युत-पुरवठ्याकडे पाहावे. आधुनिक प्रोसेसर नावाला १५ किंवा ४५ वॅटचा असला तरी काही सेकंदांपुरता त्याच्या कित्येक पट वीज ओढून घेतो, आणि ती मागणी अॅडॉप्टर व बॅटरी मिळून पुरवितात. यांपैकी एक दुबळा असला, की बोर्डावरील दाब क्षणभर घसरतो आणि नियामक मंडल सर्व काही नव्याने सुरू करते. याच्या उलट, यंत्र स्वस्थ असताना, कोणी हात न लावता, ते पुन्हा सुरू होत असेल, तर वीज वाचविण्यासाठी घटक निद्रेत जाण्याच्या व जागे होण्याच्या संधिक्षणी काहीतरी चुकते आहे असा तर्क करावा, आणि बायॉस व ड्रायव्हर यांची अद्यतने उत्पादकाच्या स्वतःच्या साधनातून करून घ्यावीत. असे कित्येक दोष नव्या बायॉसने खरोखर नाहीसे होतात. झाकण हलविल्यावर किंवा यंत्र उचलल्यावरच घडत असेल, तर सैल सांध्याखेरीज फारसे काही शोधावयास नको.

लॅपटॉपची बॅटरी ही मेजावरच्या संगणकाला नसलेली एक तपासणीची सोय आहे, तिचा उपयोग मात्र थोडेच करतात. आपल्याकडे दाब वरखाली होणे आणि वीज क्षणभर जाऊन येणे हे नवल नव्हे. पण महावितरणची वीज गेली म्हणून लॅपटॉप पुन्हा सुरू होता कामा नये, कारण मध्ये बॅटरी उभी आहे. तो तसा होत असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी आपले काम करीत नाही, हे निदान तेथेच झाले. म्हणून अॅडॉप्टर काढून केवळ बॅटरीवर, आणि नंतर अॅडॉप्टर लावून, तेच काम करून पाहावे. अॅडॉप्टरवरच दोष दिसला तर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या दुसऱ्या सॉकेटवर, एक्स्टेन्शन बोर्ड टाळून, पुन्हा पाहावे. आणि यूएसबी टाइप-सी ने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर जोडून काम चालविले जात असेल, तर ते आधी थांबवावे.

उष्णतेविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुनरारंभ म्हटला की प्रथम तापमानाचे नाव निघते. वस्तुतः प्रोसेसर तापला की तो आधी आपली गती कमी करतो, जड कामात क्षणभर ९५ ते १०० अंश सेल्सियसपर्यंत पोहोचणे हे आजच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला मानवणारे असते, आणि त्यापलीकडे धोक्याची मर्यादा ओलांडली गेली तर वीज तोडली जाऊन यंत्र बहुधा बंद पडते व बंदच राहते. चट्कन पुन्हा उभे राहणारे यंत्र उष्णतेने पडले असण्याचा संभव त्यामानाने कमी. तथापि बहुतेक लॅपटॉपांसाठी सभोवतालच्या हवेची उत्पादकाने मानलेली कमाल मर्यादा ३५ अंशांच्या आसपास असते, आणि वैशाखात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा गादीवर ठेवून, तळाची जाळी बंद करून लॅपटॉप चालविणाऱ्याने उत्पादकाकडे बोट दाखविण्यापूर्वी तो टेबलावर ठेवून पाहावा.

राहता राहिली स्मृती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत लॅपटॉप घेताना ‘आठाचे सोळा करून देतो’ म्हणून दुकानातच रॅमची दुसरी पट्टी बसवून घेण्याची चाल आहे. तीत गैर काही नाही. पण मूळ पट्टीशी न जुळणारी किंवा पुरती न बसलेली पट्टी हे अशा पुनरारंभांचे वारंवार आढळणारे कारण आहे, आणि मग दोष उत्पादकाचा की दुकानदाराचा हा वाद उद्भवतो, म्हणून बिलावर त्या पट्टीची स्वतंत्र नोंद करून घ्यावी आणि दुकानदाराकडूनच ती काढवून लॅपटॉप मूळ स्वरूपात चालवून पाहावा. रॅमची परीक्षा विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ने होते, अधिक कसून करावयाची तर पेन ड्राइव्हवरून चालणारे ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर लावून ठेवावे. या परीक्षेत काठावर उत्तीर्ण होणे हा प्रकारच नाही. सकाळी एकही चूक दिसली तर ती पट्टी बाद.

इतके करूनही दोष यंत्राचा की प्रणालीचा हे ठरत नसेल, तर एक निर्णायक कसोटी उरते. लिनक्स घातलेला पेन ड्राइव्ह लावून, आतील तबकडीला स्पर्श न करता, लॅपटॉप काही तास त्यावरच चालवावा. किंवा त्याहूनही सोपे म्हणजे बायॉसच्या मांडणीचा पडदा उघडून तो तसाच ठेवून द्यावा. त्या पडद्यावर विंडोज नाही, तिचे ड्रायव्हर नाहीत, अँटिव्हायरस नाही. तेथेही यंत्र पुन्हा सुरू झाले, तर विंडोज निर्दोष सुटली आणि ‘फॉर्मॅट मारून बघा’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाला, सेवाकेंद्रातील खिडकीवरच्या गृहस्थांसह, नम्रपणे मोबाइलवर घेतलेले त्याचे चित्रण दाखविता येते. बायॉसच्या पडद्यावर मात्र प्रोसेसरला फारसे श्रम नसतात, तेव्हा तेथे यंत्र स्थिर राहिले एवढ्यावरून त्याला दोषमुक्त मानू नये.

हे सर्व प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तारीख-वेळ कागदावर लिहीत जावे, हे सांगावयास नकोच. सांगावयास हवे ते मुदतीविषयी. सदोष वस्तू बदलून देण्याची विक्रेत्याची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते, आणि ती संपली की बदलीचा प्रश्न दुरुस्तीचा होतो. म्हणून प्रयोगांच्या नादी लागण्यापूर्वी पहिल्या दोन पुनरारंभांनंतरच लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि प्रयोग त्यानंतर करावेत. तक्रारीत ‘लॅपटॉप नीट चालत नाही’ असे मोघम न लिहिता, दिनांक, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, अॅडॉप्टर की बॅटरी, दप्तरातील नोंदीचा क्रमांक, पडद्याचे छायाचित्र, एवढे जोडावे. विक्रेता व उत्पादक दोघेही दाद देईनासे झाले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये, विक्रेता कोठलाही असला तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते.

लॅपटॉप सेवाकेंद्राच्या हवाली करण्यापूर्वी आतील फाइलींची प्रत बाहेरच्या तबकडीवर काढावी, कारण बोर्ड किंवा तबकडी बदलून मिळाल्यास त्या परत येण्याची शाश्वती कोणी देत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ऐनवेळी कळते. विंडोज ११ चे पुष्कळसे नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने उघडले असता आतील मजकूर आपण होऊन कुलूपबंद करतात, आणि बोर्ड बदलल्यावर, प्रसंगी बायॉस अद्ययावत केल्यावरही, ४८ अंकी किल्ली मागतात. ती किल्ली त्याच खात्यात जमा असते, पण खात्याचा परवलीचा शब्द आठवत नसेल तर फाइली डोळ्यांदेखत असूनही हाती लागत नाहीत. तेव्हा ते ४८ अंक आधीच कागदावर उतरवून घ्यावेत, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.